ब्रेकच्या डिस्कवरचा आकडा कोण वाचतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पहिल्यांदा ‘ट्रॅक डे’ला, म्हणजे स्वतःची मोटरसायकल घेऊन शर्यतीच्या ट्रॅकवर जाणाऱ्या पोरांसाठी आलेला लेख वाचला. हेल्मेट, लेदर सूट, टायरमधली हवा, सगळं नीट लिहिलंय. ब्रेकवर मात्र चारच ओळी, आणि त्यातली एक अशी की पुढची डिस्क चाळीस-पन्नास हजार किलोमीटर सहज टिकते, त्यामुळे नवे पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे ब्रेकचे ठोकळे) टाकले की काम झालं. या एका ओळीपायी हे पत्र लिहितोय. लांबलंय. कात्री लावायची तर लावा, पण नाण्यांचा भाग तेवढा ठेवा.

मी काही ब्रेकचा इंजिनिअर नव्हे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सव्वीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. कास्टिंग आलं की गेज लावायचा, बसला तर पुढे, नाही बसला तर लाल रंगाचा पट्टा मारून बाजूला. रिटायर झाल्यावर कोल्हापूरच्या उद्यमनगरात भाच्याच्या गॅरेजवर जाऊन बसतो. भाचा गाड्या दुरुस्त करतो आणि वर्षातून दोन-तीनदा स्वतःची गाडी टेम्पोत घालून ट्रॅकवर जातो. कधी कोइमतूरजवळचं, मोटारशर्यतींतल्या एस. करिवर्धन यांच्या नावाचं करी स्पीडवे, कधी चेन्नईच्या अलीकडचं इरुंगट्टुकोट्टई. हे दुसरं तर आमच्याच हायवेवर आहे. पुणे-बंगळूर म्हणून आपण ज्याला ओळखतो तोच ४८ नंबरचा रस्ता पुढे वेल्लोर, श्रीपेरुंबुदूर करत ट्रॅकच्या दारावरून चेन्नईला जातो. एकदा वळायचंही काम नाही, फक्त हजारेक किलोमीटर बसून राहायचं. मीही दोनदा गेलोय, डबे आणि पाने सांभाळायला.

आता मुद्द्याचं. ट्रॅकवर डिस्कचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजायचंच नसतं. ती झिजते उष्णतेनं आणि जाडीनं, आणि त्या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या पाठीला लागलेल्या असतात.

ढोबळ हिशोब सांगतो. गाडी आणि स्वार मिळून २३० किलो. सरळ रस्त्याला १४० चा वेग, वळणाआधी ६० वर आणायचा. या एका ब्रेकमध्ये जी गतिज ऊर्जा घालवायची ती साधारण १ लाख ४० हजार जूल भरते. हे जूल-बिल कुणाला कळत नसेल तर असं समजा, की तेवढ्या उष्णतेत जवळजवळ अर्धा लिटर गार पाणी उकळीला येतं. म्हणजे गॅरेजमधल्या चार माणसांचं चहाचं आधण. थोडी ऊर्जा वारा खातो, थोडी इंजिन आणि मागचा ब्रेक. तीन-चतुर्थांश पुढच्या डिस्कवर गेली असं धरा. डिस्कची जी कडी पॅडमधून फिरते तिचं वजन किलोभर. स्टीलच्या हिशोबानं एका ब्रेकला दोनशे अंशांच्या वर उडी. गावात सिग्नलला थांबताना एवढं तापलं तरी पुढच्या सिग्नलपर्यंत निवायला वेळ असतो. करीचा ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा. एक वळण सुटतंय तोवर दुसरं समोर. पंधरा मिनिटांच्या सेशनमध्ये भाच्याचे दहा राउंड होतात, म्हणजे मीटरवर एकवीस किलोमीटर. या एकवीस किलोमीटरमध्ये डिस्क जे सोसते ते रोज इचलकरंजीला नोकरीला जाणाऱ्याची डिस्क महिनाभरातही सोसत नसेल असं माझं मत आहे. चाळीस हजार किलोमीटरचा आकडा त्या इचलकरंजीवाल्याला लागू असेल तर असेल.

दुसरी गोष्ट धातूची, आणि इथे मला जरा बोलू द्या, कारण सव्वीस वर्षं हेच केलंय. मोटारीची डिस्क बिडाची असते. बिडात ग्रॅफाइटच्या पापुद्र्या असतात, त्या उष्णता पटकन पसरवतात, आवाज गिळतात. मोटरसायकलची डिस्क मात्र आज जवळजवळ सगळीकडे स्टेनलेसची. जुन्या इटालियन गाड्यांना बिडाच्या डिस्क असायच्या आणि ब्रेक झकास लागायचा म्हणतात, पण एका पावसात गंजून तांबड्या व्हायच्या. उघड्यावर, चारचौघांच्या नजरेसमोर फिरणारी पातळ चकती बिडाची कोण ठेवणार? म्हणून तेरा-एक टक्के क्रोमियमचं, पाणी देऊन कडक केलेलं स्टेनलेस. गंजत नाही, पण उष्णता पसरवायला बिडाच्या निम्मंच. तापलं की तापल्या जागीच तापत राहतं.

आणि कडक केलेलं म्हणजे पुन्हा मऊही होऊ शकतं. गावाकडे लोहार छन्नीला पाणी देतो तेव्हा रंगावर नजर ठेवतो. आधी गव्हाळ पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. नेमक्या रंगाला पाण्यात बुडवायची, चुकलं तर छन्नी पहिल्याच घावाला वाकते. डिस्कवरही हेच रंग चढतात. स्टेनलेस असल्यामुळे ते जरा जास्त तापमानाला दिसतात, पण वाचायची रीत तीच. सगळीकडे सारखी फिकट सोनेरी झाक आली तर घाबरायचं कारण नाही, ब्रेकनं काम केलंय एवढंच. पण एखाद-दुसऱ्या जागी निळे-जांभळे डाग पडले असतील तर तिथे डिस्क उरलेल्या भागापेक्षा खूप जास्त तापतेय. साधारण पाचशे अंशांच्या पुढे वारंवार गेलं की या स्टीलचा कडकपणा उतरायला लागतो, मग ती जागा लवकर झिजते, झिजली की पातळ, पातळ झाली की आणखी तापते. आमच्या गॅरेजला येणारी पोरं निळी डिस्क मिरवतात. सायलेन्सर निळा झाल्यासारखं वाटतं त्यांना.

तुमच्या लेखातला ‘डिस्क बेंड झाली तर लेथवर मारून घ्यावी’ हा सल्ला तर मी दोनदा वाचला. उद्यमनगरात लेथवर काय होत नाही? सगळं होतं, आणि हाताला कसबही आहे. पण करू नये. मोटारीच्या डिस्कला बहुधा दोन मिलिमीटर झिजायची मुभा असते, तिथे एक हात मारला तर चालून जातं. भाच्याच्या गाडीची डिस्क नवी असताना साडेचार मिलिमीटर, आणि काढून टाकायची जाडी चार. म्हणजे जगायला एकूण अर्धा मिलिमीटर, एका बाजूला पाव. एवढी पातळ चकती चकमध्ये धरली की तीच थरथरते, एका कटात पाव मिलिमीटर जातं आणि वर लाटा उमटतात त्या वेगळ्या. शिवाय लिव्हर हातात थडथडतं त्याला आपण सरसकट ‘डिस्क बेंड’ म्हणतो, ते बऱ्याच वेळा बेंड नसतंच. सेशन संपवून पोरगं तापल्या ब्रेकनिशी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर येतं, लिव्हर दाबून उभं राहतं आणि मित्रांशी गप्पा मारतं. तापलेल्या पॅडचा मसाला डिस्कवर त्या एका जागी चिकटतो. पुढच्या वेळी चाक फिरताना ती जागा आली की पकड वेगळी लागते, थडथड सुरू. डायल, म्हणजे डगमग मोजायचा गेज, लावून बघा, डिस्क सरळ असते. कधी हबवर रंगाचा पोपडा राहिलेला असतो, कधी बोल्ट एकाच बाजूनं आवळलेले असतात. डिस्क काढून, हबची बसायची जागा घासून, बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळत टॉर्क रेंचनं बसवले तर निम्म्या ‘बेंड’ डिस्क सरळ होतात. दहावा भाग मिलिमीटर, याच्या वर डगमग असेल तरच दोष डिस्कचा म्हणावा.

खरी वाकतेही, नाही असं नाही. कडी तापते, मधला भाग थंडच राहतो. तीनशे मिलिमीटरची कडी तीनशे अंशांनी तापली तर तिचा व्यास जवळजवळ एक मिलिमीटरनं वाढतो. मध्ये बोल्टनं जखडलेली असेल तर वाढायला जागा कुठाय? मग ती बशीसारखी एका अंगाला कलते. यावरचा उपाय म्हणजे फ्लोटिंग डिस्क. बाहेरची कडी स्टीलची, आतला भाग ॲल्युमिनियमचा, आणि दोघांना जोडणाऱ्या गोल खुंट्या, ज्या कडीला फुलायला वाव देतात. गाडी ढकलताना खुळखुळ वाजते म्हणून गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं. ती वाजायचीच.

आता माझी स्वतःची गोष्ट. ही लिहायला थोडी लाज वाटते, पण लेखातल्या चार ओळींपेक्षा तुमच्या वाचकांना हिचाच उपयोग जास्त होईल.

दोन वर्षांपूर्वी चेन्नईला निघायच्या आदल्या दिवशी भाचा म्हणाला, “मामा, डिस्क बघ की जरा.” मी खिशातला जाडी मोजायचा व्हर्नियर काढला, डिस्कच्या कडेला लावला. ४.४. म्हटलं, वा, दोन सीझन झाले आणि फक्त एक दशांश गेला, काय माल आहे! पास. त्यानं नवे सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड टाकले, आम्ही निघालो. ब्रेक ऑइल कधी बदललं होतं हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. नंतर हिशोब केला तर तीन वर्षं झाली होती.

इरुंगट्टुकोट्टईचा राउंड ३.७१७ किलोमीटरचा, सरळ रस्ता करीपेक्षा लांब, वेग जास्त. दुपारचं तिसरं सेशन, चेन्नईचा उकाडा. सातव्या-आठव्या राउंडला भाचा ब्रेक लावायला गेला आणि लिव्हर थेट हँडलच्या रबराला टेकलं. पुन्हा दाबलं, थोडं लागलं. तेवढ्यात वळण मागे पडलं होतं. गाडी सरळ मातीत गेली, आडवी झाली, आणि भाचा धुळीतून उठून उभा राहिला तोवर माझ्या हातातला पाण्याचा जार कधी पडला ते मला कळलं नाही. त्याला खरचटलंही नव्हतं. बहिणीला आम्ही हे अजून सांगितलेलं नाही, तेव्हा पत्राखाली माझं नाव छापू नका.

शेजारच्या पिटमध्ये एक पिकल्या केसांचे मेकॅनिक होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही तेच म्हणतो. ते आले, डिस्ककडे बघितलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि हसले. मोडक्या हिंदीत म्हणाले, “कॉइन है?” मी एक रुपयाची दोन नाणी दिली. त्यांनी ती एकमेकांवर ठेवून आधी माझ्याच व्हर्नियरनं मोजली. मग डिस्कच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून आत, जिथे पॅड घासतात तिथे एक-एक नाणं धरून वरून व्हर्नियर लावला. आलेल्या आकड्यातून नाणी वजा केली. ३.८.

झालं होतं असं. पॅड डिस्कच्या अगदी बाहेरच्या टोकापर्यंत पोचत नाही. तिथे मिलिमीटरभर रुंदीची कड न झिजता तशीच उभी राहते, ताटाच्या काठासारखी. व्हर्नियरचे सरळ जबडे त्या दोन काठांवर टेकतात आणि नव्या डिस्कची जाडी सांगतात. आतला चर त्यांना दिसतच नाही. सव्वीस वर्षं मी पोरांना शिकवलं, की माप घेण्याआधी बर (कडेला राहिलेला धातूचा काटा) आणि काठ बघा, आणि घरच्या पोराच्या गाडीला स्वतः काठावर माप घेतलं. फाउंड्रीत असं केलं असतं तर साहेबानं मेमो दिला असता, आणि बरोबर दिला असता.

दोष एकट्या डिस्कचा नव्हता हेही सांगतो. लिव्हर बसलं ते ब्रेक ऑइल उकळल्यामुळे. डॉट ४ जातीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला दमटपणा पितं, आणि पुरेसं पाणी प्यायलं की तोच आकडा १५५ वर येतो. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की लिव्हर बुडबुडे दाबतं, पॅड नाही. पण ते ऑइल उकळवलं कुणी? साडेचारची डिस्क ३.८ झाली म्हणजे उष्णता साठवणारं लोखंड पंधरा टक्क्यांहून जास्त कमी झालं. जिथे एका ब्रेकला सव्वादोनशे अंशांची उडी होती तिथे अडीचशेच्या वर गेली, दर ब्रेकला, दर राउंडला. डिस्क पातळ म्हणून कॅलिपरचे (पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन तेवढे जास्त बाहेर आलेले. बाकी ऑइल बदललं असतं तर निभावलं असतं का? कदाचित त्या दिवशी निभावलं असतं.

आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे ४.० हा आकडा डिस्कवरच कोरलेला होता. बहुतेक कंपन्या कोरतात. ‘मिनिमम’च्या आद्याक्षरांपुढे एक छोटा आकडा, बहुधा आतल्या भागावर, बोल्टच्या आसपास, धुळीखाली. चप्पलचा तळ घासला तर आपण बघतो, टायरची नक्षी गेली की पोलीसही बघतात. हा आकडा गॅरेजवाला बघत नाही, गाडीवाल्याला तो आहे हेच माहीत नसतं. आमच्या जॉब कार्डवर आता पॅडच्या रकान्याखाली एक रकाना मी पेननं आखून घेतलाय: डिस्क, कोरलेला आकडा, आजचं माप. भाचा कुरकुर करतो, वेळ जातो म्हणतो. नाणी लावून दोन मिनिटं लागतात. डिस्कवर तीन-चार ठिकाणी मोजायचं, सगळ्यात कमी येईल ते लिहायचं. नाणी कुठलीही चालतात, फक्त ठेचलेली नकोत. मायक्रोमीटर असेल तर नाण्यांचीही गरज नाही, त्याची टोकं काठाच्या आत जातात. आणि भिंग नसलं तरी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून भोकांच्या आजूबाजूला बघायचं. केसासारख्या बारीक भेगा भोकापासून निघून दुसऱ्या भोकाकडे किंवा काठाकडे चालल्या असतील तर जाडी कितीही असो, ती डिस्क भंगारात.

२०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी ही मोटरसायकलची जागतिक शर्यत झाली तेव्हापासून एक नवंच खूळ आलंय. पोरं विचारतात, कार्बनची डिस्क मिळेल का? त्या गाड्यांच्या कार्बन डिस्क ३२०, ३४०, ३५५ मिलिमीटरच्या असतात आणि नीट तापल्याशिवाय धरतच नाहीत. रंकाळ्यावरच्या चौकात त्या तापणार कधी? जागतिक सुपरबाइकच्या शर्यतीत तर कार्बन डिस्कला बंदीच आहे, तिथले जगज्जेते आपल्यासारख्याच स्टीलच्या डिस्कवर जिंकतात. भाच्याच्या पिढीला सांगून खरं वाटणार नाही, पण १९९९ मध्ये हिरो होंडाची सीबीझेड मोटरसायकल आली तेव्हा तिच्या पुढच्या २४० मिलिमीटरच्या डिस्कला हात लावून बघायला आमच्या शिफ्टचे लोक पार्किंगमध्ये जमले होते. त्याआधी आमचा सगळा जन्म ड्रममध्ये. आंबोलीचा घाट उतरताना लायनरचा करपट वास आला की गाडी बाजूला लावायची, विडी ओढायची, वास गेला की पुढे. ड्रमचं एक बरं होतं, तो नाकाला सांगायचा.

डुप्लिकेट डिस्कबद्दल फार लिहीत नाही. एका दुकानातून आणलेली स्वस्त डिस्क आम्ही एकदाच बसवली, पॅडनं तिच्यावर दोन महिन्यांत नांगरटच केली. चाकणला ब्रेम्बोचा कारखाना आहे, छोट्या गाड्यांचे ‘बायब्रे’ ब्रेक ते बनवतात, आपल्याच महाराष्ट्रात चांगला माल तयार होतो. मग पाच-सहाशे रुपयांसाठी नुसती चकाकी का विकत घ्यायची? पॅड बदलताना मात्र एक करा. नवे पॅड नव्या-जुन्या डिस्कवर बसेपर्यंत ६० वरून २० वर, पूर्ण न थांबता, मध्ये वारा घेऊ देत, पंधरा-वीस वेळा हलके ब्रेक मारा. आणि ट्रॅकवरचा शेवटचा राउंड ब्रेकला हात न लावता सावकाश मारून मग आत या. तापल्या डिस्कवर पाणी ओतणारेही मी पाहिलेत. तव्यावर ओततात तसं, चर्र आवाज ऐकायला.

पुढच्या रविवारी या विषयावर आणखी काही छापणार असाल तर गुडघा टेकवून वळणाऱ्या पोराचा फोटो एकवेळ छोटा करा आणि डिस्कवर कोरलेल्या त्या आकड्याचा जवळून काढलेला फोटो द्या. फोटोला डिस्क लागली तर आमच्याकडे आहे. ३.८ वाली. मी तिच्यावर लाल पट्टा मारून ठेवलाय.

आपला,
एक जुना इन्स्पेक्टर,
कोल्हापूर